ढग कुठे गेला? एक्सपोजर गुळगुळीत करण्याच्या सवयीबद्दल थोडी तक्रार

गेल्या वर्षी मी एका खोलीचं ॲनिमेशन केलं होतं. दक्षिणेला एक खिडकी, तिला पातळ पडदा, आत टेबल आणि कोपऱ्यात वाचायची खुर्ची. डिसेंबरमधला एक दिवस, सकाळी ७ ते संध्याकाळी ६, सगळा २० सेकंदांत. सेकंदाला २४ फ्रेम्स म्हणजे एकूण ४८० फ्रेम्स. दुपारी अडीचच्या सुमारास सूर्यासमोर एक मोठा ढग येतो आणि पाऊण-एक तासाने जातो. व्हिडिओत हे सगळं ३६ फ्रेम्समध्ये, म्हणजे दीड सेकंदात उरकतं.

गाईड मॅडमना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला, मग मागे नेऊन ढगापाशी थांबवला. "अगं, ढग आला, खोली काळवंडली, इथवर ठीक. पण ढग अजून तिथेच आहे ना? मग खोली परत उजळली कशी? आणि ढग गेल्यावर हा फ्लॅश कोणी मारला?"

माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते देताना मला जरा अभिमानच वाटत होता. "मॅडम, एक्सपोजर स्मूथ केलंय. नाहीतर व्हिडिओ लुकलुकत होता."

"बरं. मग आता ढग कुठे गेला?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. खरं तर तो एका सवयीवरची टीका आहे. एचडीआर व्हिडिओ साध्या स्क्रीनसाठी बदलताना 'आधी प्रत्येक फ्रेमचं एक्सपोजर आपोआप काढा, मग ते काळात गुळगुळीत करा' ही रीत आपल्या क्षेत्रात इतकी रुळली आहे की ती का आली आणि कोणासाठी आली हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

एक्सपोजर ठरवावं तरी का लागतं?

थोडी उजळणी. रेंडर केलेली फ्रेम आपण बहुतेक वेळा ओपनईएक्सआर फाइलमध्ये ठेवतो. त्यातल्या १६ बिटांच्या 'हाफ' संख्येत ६५,५०४ पर्यंतची किंमत मावते. टेबलाखालची सावली ०.०१ आणि सूर्यप्रकाश पडलेली फरशी ५०, असं दोन्ही एकाच फाइलमध्ये सुखाने नांदतं. साध्या स्क्रीनला मात्र प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्याच असतात. त्यामुळे 'कुठला उजेड मधला मानायचा' हे आधी ठरवावं लागतं. तेच एक्सपोजर. त्यानंतर एक वक्र लावून टोकं आत दाबायची. या सगळ्याला मिळून टोन मॅपिंग म्हणतात.

या कामासाठी सगळ्यात जास्त वापरली गेलेली पद्धत एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ च्या सिग्राफमध्ये मांडली. कल्पना छायाचित्रकारांकडून घेतलेली. सगळ्या पिक्सेलच्या उजेडाचा लॉग घ्या, त्याची सरासरी काढा, उलटा लॉग घ्या. म्हणजे शाळेतला आपला भूमितीमध्यच, फक्त वीस लाख पिक्सेलचा. हा मध्य ०.१८ वर बसेल अशा बेताने पूर्ण फ्रेमला गुणा. ०.१८ का, तर छायाचित्रकार ज्याला १८ टक्के राखाडी म्हणतात, तो मधला करडा.

इथे एक गोष्ट नीट वाचायला हवी, आणि मी ती पहिल्या वाचनात सोडून दिली होती. मूळ निबंधात ०.१८ हा पवित्र आकडा नाही. दृश्य उजळ स्वभावाचं असेल तर ०.३६ किंवा ०.७२, काळोख्या स्वभावाचं असेल तर ०.०९ किंवा ०.०४५ घ्या, असं लेखक सांगतात. म्हणजे फोटो बर्फाचा आहे की रात्रीच्या गल्लीचा, हे ठरवायचं काम माणसाकडे ठेवलेलं आहे. शिवाय सगळं लिखाण एकेका स्थिर चित्राबद्दल आहे, हे शीर्षकातच स्पष्ट आहे. पुढे हाच आकडा आपोआप काढायच्या युक्त्या आल्या, मग लोकांनी पद्धत व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेमला लावली, आणि माणसाचा निर्णय वाटेत कुठेतरी गळून पडला. मूळ पद्धतीचा यात दोष नाही. तिला जे काम सांगितलंच नव्हतं ते आपण तिच्याकडून करून घेतो.

लुकलुक कुठून येते?

माझ्या व्हिडिओत लुकलुक का होती, ते शोधायला मला चार महिने लागले. लागायला हवी होती एक दुपार.

खिडकीबाहेर मी काहीच मॉडेल केलं नव्हतं. सूर्य आणि आकाश प्रकाशापुरते होते, कॅमेऱ्याला ते दिसत नव्हते. पार्श्वभूमी पारदर्शक. त्यामुळे खिडकीतून बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक पिक्सेलची किंमत चक्क शून्य. शून्याचा लॉग काढता येत नाही, म्हणून सूत्रात प्रत्येक पिक्सेलमध्ये एक अगदी छोटी संख्या मिळवतात. माझ्या प्रोग्राममध्ये ती होती ०.०००००१, म्हणजे दहा लाखांत एक. निरुपद्रवी दिसते. पण आता हिशोब करा.

पडद्याचा उजळ पिक्सेल १ धरला, तर तो आणि खिडकीबाहेरचा 'शून्य' पिक्सेल यांच्यात दहा लाख पटींचा फरक झाला. दुप्पट उजेड म्हणजे एक स्टॉप, या मापात जवळजवळ २० स्टॉप. वाऱ्याने पडदा हलतो आणि चित्राचा फक्त ३ टक्के भाग शून्याचा उजळ होतो. लॉगची सरासरी किती सरकेल? २० च्या ३ टक्के, म्हणजे ०.६ स्टॉप. म्हणजे पडद्याच्या एका हेलकाव्याने अख्ख्या खोलीचं एक्सपोजर दीडपट बदलतं. भिंत तीच, तिच्यावर पडणारा उजेड तोच. पण पडदा हलला की भिंत श्वास घेतल्यासारखी उजळते, मंदावते. एवढ्या मोठ्या पृष्ठभागाचं असं सामुदायिक कमीजास्त होणं डोळ्याच्या नजरेतून सुटत नाही.

खऱ्या कॅमेऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. सेन्सरमध्ये कायम थोडा गोंगाट असतो, लेन्समध्ये थोडा उजेड विखुरतो, त्यामुळे 'शुद्ध शून्य' त्याला भेटतच नाही. शुद्ध शून्य ही आपली, संगणकात चित्र बनवणाऱ्यांची खासियत. तरी सूत्र आपण कॅमेऱ्याचंच वापरतो.

आपली दुसरी खासियत म्हणजे काजवे. किरणांचा माग काढणाऱ्या रेंडररमध्ये एखाद्या पिक्सेलला योगायोगाने प्रचंड किंमत मिळते आणि पुढच्या फ्रेममध्ये तो पिक्सेल शांत असतो. हे काजवे लॉगच्या सरासरीला फारसे हलवत नाहीत. १९२० बाय १०८० च्या फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात, त्यात एकाने कितीही उडी मारली तरी सरासरी ढिम्म राहते. पण 'पांढरा कुठे मानायचा' हे ठरवायला तुम्ही फ्रेममधली सगळ्यात मोठी किंमत घेत असाल, तर एकच काजवा सगळा वक्र ओढून नेतो. गंमत बघा, एका मापाला काळं बाधतं, दुसऱ्याला पांढरं. उपायही सोपे आहेत. पारदर्शक पिक्सेल हिशोबात धरू नका, आणि कमाल किंमतीऐवजी ९९ वा पर्सेंटाईल घ्या. सीईटी दिलेल्या कोणालाही पर्सेंटाईल समजावून सांगायची गरज नाही.

मी मात्र यातलं काहीच केलं नाही. मी मोजमाप तसंच ठेवलं आणि ते काळात गुळगुळीत केलं. ताप का आला हे न बघता क्रोसिन दिली.

गळक्या टाकीचं गणित

गुळगुळीत करायची रीतही जुनी आहे. २००३ मध्ये सिंग बिंग कांग आणि सहकाऱ्यांनी कॅमेऱ्याने टिपलेल्या एचडीआर व्हिडिओवर काम केलं, तेव्हाच लुकलुक टाळायला मागच्या फ्रेम्सचा उजेड विचारात घेतला होता. पुढे याचं सगळ्यात सोपं रूप रूढ झालं:

नवा अंदाज = ०.१ × या फ्रेमचं माप + ०.९ × मागचा अंदाज

याला गळकी टाकी म्हणतात. वरून नवं पाणी थोडं थोडं येतं, खालून जुनं गळत राहतं, त्यामुळे पातळी एकदम बदलत नाही. एका ओळीचा कोड, मेमरीत एकच आकडा. आवडण्यासारखी गोष्ट आहे.

पण स्क्रीनवर दिसणारा उजेड म्हणजे काय? लॉगच्या भाषेत बोलायचं तर दृश्याचा उजेड वजा आपला अंदाज. हा अंदाज म्हणजे त्याच उजेडातले सावकाश होणारे बदल. पूर्ण उजेडातून सावकाश बदल वजा केले, तर उरतात फक्त जलद बदल. थोडक्यात, एक्सपोजर जितक्या प्रामाणिकपणे गुळगुळीत कराल, तितक्याच प्रामाणिकपणे दृश्यातला हळूहळू होणारा प्रत्येक बदल पुसला जाईल. सूर्योदय, मावळतीची उतरती उन्हं, विझत जाणारी शेगडी, यातलं काही उरणार नाही. नावाने 'गुळगुळीत', पण प्रेक्षकापर्यंत जे पोचतं ते नेमकं उलट. गुळगुळीत भाग काढून घेतलेला आणि हिसके ठेवलेले.

आता माझा ढग घ्या. हिशोब सोपा व्हावा म्हणून धरू की ढग एकदम आला आणि खोलीतला उजेड एक चतुर्थांश झाला, म्हणजे २ स्टॉप घट. ढगाच्या पहिल्या फ्रेमला खोली १.८ स्टॉप काळी दिसते. बाराव्या फ्रेमला, अर्ध्या सेकंदात, ती घट ०.५६ वर येते. छत्तिसाव्या फ्रेमला ०.०५ सुद्धा नाही. ढग सूर्यावर ठाण मांडून बसलाय आणि आपली खोली नेहमीसारखी उजळ. मग ढग जातो. टाकी अजून ढगाच्या काळोखाला धरून असते, त्यामुळे पुढच्या फ्रेमला खोली १.७६ स्टॉप जास्त उजळ, म्हणजे तिपटीहून अधिक. हाच मॅडमचा फ्लॅश.

ढग कुठे गेला? टाकीतून गळून गेला.

कट आला की

ढगाचं निदान दीड सेकंदात भागलं. कट आणखी निर्दय असतो. समजा, काळोख्या खोलीचा भूमितीमध्य ०.२ आहे आणि कटनंतरच्या अंगणाचा २०. शंभर पटींचा फरक, सुमारे ६.६ स्टॉप. वरचं सूत्र लॉगवर चालवलं तर चूक अर्ध्या स्टॉपच्या आत यायला २५ फ्रेम्स लागतात. एक सेकंदभर प्रेक्षक पांढरा पडदा बघतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोगद्यातून बाहेर येताना मोबाईलने शूट केलं असेल, तर हा पांढरा सेकंद तुम्ही पाहिलाय. फोनचं समजू शकतो. बोगद्याबाहेर काय आहे हे त्याला आधी माहीत नसतं.

आता तेच सूत्र लॉगऐवजी सरळ उजेडावर चालवा. बऱ्याच जणांच्या कोडमध्ये हे नकळत होतं, माझ्याही पहिल्या कोडमध्ये होतं. खोलीतून अंगणात जायला १२ फ्रेम्स, म्हणजे अर्धा सेकंद. अंगणातून खोलीत यायला ५२ फ्रेम्स, म्हणजे दोन सेकंदांहून जास्त. सूत्र तेच, आकडा तोच, पण जाताना आणि येताना वेगळा वेळ. कारण सरासरीत मोठा आकडा वजनदार असतो आणि लवकर जात नाही.

यात एक सापळा आहे. माणसाचा डोळाही उजेडाला पटकन सरावतो आणि अंधाराला सावकाश. उन्हातून घरात आल्यावर काही वेळ काही दिसत नाही, हे आपण जाणतो. त्यामुळे ही असमानता बघून 'वा, आपली पद्धत डोळ्यासारखी वागते' असं म्हणायचा मोह होतो. मी एका सादरीकरणात म्हणूनही बसले. पण डोळ्याचं कारण रेटिनातल्या रसायनात आणि चेतापेशींत आहे, पूर्ण अंधाराला सरावायला त्याला अर्धा तास लागू शकतो. माझ्या सूत्राचं कारण एवढंच की मी लॉग घ्यायला विसरले. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्या एकाच कारणाने होतात असं नाही. डोळ्याचं खरं मॉडेल हवं असेल तर ते मुद्दाम करावं लागतं. सुमंत पट्टनाईक आणि सहकाऱ्यांनी २००० सालीच काळानुसार बदलणाऱ्या दृष्टीचं मॉडेल मांडून ते केलं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. ०.१ हा आकडा दर फ्रेमचा आहे, दर सेकंदाचा नाही. तेच २५ फ्रेम्स सेकंदाला ६० फ्रेम्सच्या व्हिडिओत ०.४ सेकंदांतच संपतात. वेळ वाचवायला दर चौथी फ्रेम रेंडर करून पाहिलीत तर चाचणीत एक दिसेल आणि अंतिम व्हिडिओत दुसरंच. मधली २०० वी फ्रेम बिघडली म्हणून तिथून पुढे परत प्रक्रिया केली, तर टाकी रिकाम्यापासून भरायला लागते आणि जोडावर धक्का बसतो. यातली एकही गोष्ट सैद्धांतिक नाही. सगळ्या मी स्वतः भोगल्या आहेत.

मग संशोधकांना हे दिसलं नाही का?

दिसलं, आणि म्हणूनच ही टीका सरसकट नाही. रोनान ब्वातार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हाच मुद्दा धरला. फ्रेम्स एकमेकींशी तुलना करता येण्यासारख्या राहायला हव्यात. मूळ दृश्यात एक फ्रेम दुसरीपेक्षा काळोखी असेल, तर निकालातही ती काळोखीच दिसायला हवी. त्यांनी पूर्ण व्हिडिओ आधी तपासून, सगळ्यात उजळ फ्रेमला खुंटी मानून, बाकीच्यांचं प्रमाण तिच्याशी राखलं. माझ्या मते या चर्चेतलं ते सगळ्यात महत्त्वाचं वळण आहे, कारण तिथे प्रश्न 'लुकलुक कशी घालवू' वरून 'काय टिकवू' वर आला. त्याची किंमतही आहे. व्हिडिओत एक फार उजळ फ्रेम असली की काळोख्या फ्रेम्सना वाव कमी उरतो. त्यांनीच पुढे फ्रेमचे उजेडानुसार विभाग पाडून ते सुधारायचा प्रयत्न केला.

गॅब्रिएल आयलर्टसन, राफाल मांत्युक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अनेक पद्धती एकमेकींसमोर ठेवून प्रेक्षकांकडून तपासून घेतल्या, आणि २०१७ मध्ये सविस्तर आढावा लिहिला. त्यातून घेण्यासारखी शिकवण अशी की काळातले दोष, म्हणजे लुकलुक आणि भुतासारख्या मागे राहणाऱ्या सावल्या, प्रेक्षक माफ करत नाही, आणि पूर्ण फ्रेमला एकच वक्र लावणाऱ्या साध्या पद्धती पुष्कळदा गुंतागुंतीच्या पद्धतींपेक्षा बऱ्या ठरतात. नव्या पीएचडीवाल्याला जरा खट्टू करणारी बातमी आहे, पण खरी आहे.

माझी तक्रार मोजमापाबद्दलही आहे. लुकलुक मोजायचं सगळ्यात सोपं माप म्हणजे सलग दोन फ्रेम्सच्या सरासरी उजेडातला फरक. २०११ मध्ये गुथियर आणि सहकाऱ्यांनी असा फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की फ्रेम परत जुळवून घ्यायची पद्धत दिली. थेट प्रक्षेपणात ती उपयोगी आहे. पण हे माप परीक्षक म्हणून बसवलं तर पूर्ण मार्क कोणाला मिळतील? सगळा वेळ एकसारखा करडा पडदा दाखवणाऱ्याला. माझ्या ढग पुसलेल्या व्हिडिओचे मार्क ढग नीट दाखवणाऱ्या व्हिडिओपेक्षा फार कमी येत नव्हते. जे माप वीज चमकण्यात आणि ट्यूबलाइट फडफडण्यात फरक करत नाही, त्याच्या भरवशावर 'आमची पद्धत चांगली' असं लिहू नये. मीही लिहिलं होतं, आता खोडलं आहे.

आणि हो, खेळांचा विषय वेगळा. २००५ मध्ये 'हाफ-लाइफ २: लॉस्ट कोस्ट' एचडीआरचं कौशल्य दाखवायलाच बनवला गेला, तेव्हापासून अंधारातून उन्हात आल्यावर डोळे दिपण्याचा अनुभव हा खेळाचाच भाग झाला आहे. अनरियल इंजिनमध्ये उजेडाकडे जाण्याचा आणि अंधाराकडे जाण्याचा वेग वेगवेगळा ठरवता येतो, आणि तो मुद्दाम ठरवला जातो. खेळणारा पुढच्या क्षणी कुठे वळेल ते कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे तिथे गळकी टाकी हाच शहाणपणा आहे.

पण आपल्याला तर सगळं माहीत असतं!

माझा मुख्य मुद्दा हाच. ॲनिमेशन बनवणाऱ्याच्या डिस्कवर सगळ्या ४८० फ्रेम्स आधीपासून पडलेल्या असतात. कट कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं, कारण तो त्यानेच केलेला असतो. ढग कधी येतो ते त्याने स्वतः लिहिलेलं असतं. कुठला पिक्सेल पारदर्शक, कुठली वस्तू किती सरकली, हे रेंडरर वेगळ्या थरांत लिहून देतो. तरीही आपण कॅमेऱ्याची सक्तीची आंधळी कोशिंबीर हौसेने खेळतो. पुढच्या फ्रेमकडे न बघता मागच्यांवरून अंदाज बांधतो. पूर्ण प्रश्नपत्रिका हातात असताना खालचे प्रश्न तळहाताने झाकून पेपर सोडवण्यासारखं आहे हे.

मी आता काय करते, ते क्रमाने सांगते. हा शोध नव्हे, घरगुती शिस्त आहे.

पहिलं, मोजमाप दुरुस्त करते. पारदर्शक पिक्सेल बाहेर, कमाल किंमतीऐवजी पर्सेंटाईल. एवढं केल्यावर माझ्या खोलीची लुकलुक जवळजवळ गेली. एकही फिल्टर न लावता. चार महिने मी ज्या रोगावर औषध शोधत होते, तो रोग खिडकीबाहेरच्या शून्यात होता.

दुसरं, शॉटला एकच एक्सपोजर लावून बघते. पूर्ण शॉटच्या सगळ्या फ्रेम्सचं मिळून एक माप. बहुतेक शॉट्सना एवढं पुरतं. सिनेमातला छायाचित्रकारही शॉट चालू असताना सहसा ॲपर्चर फिरवत नाही, आणि फिरवलं तर ते ठरवून.

तिसरं, ते पुरत नसेल तर एक्सपोजर हाताने ठरवते, दोन-तीन ठिकाणी. सकाळी इतकं, दुपारी इतकं, संध्याकाळी इतकं, आणि मधे लॉगमध्ये सरळ रेषा. ढगासाठी काहीही नाही. ढगाने खोली काळी करायची असते, ते त्याचं कामच आहे.

चौथं, आपोआप काढलेलं माप वापरायचंच झालं, तर फिल्टर पुढून मागे आणि मागून पुढे असा दोन्हीकडून चालवते, म्हणजे उशीर होत नाही. प्रत्येक कटला नव्याने सुरुवात. आणि वेग दर फ्रेमला नाही, दर सेकंदाला इतके स्टॉप असा लिहिते.

गुळगुळीत करणं या यादीत आहे, पण चौथं आहे. मी ते पहिलं केलं होतं.

खुर्चीजवळची खिडकी

हे सगळं दिसण्यापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. तो पहिला व्हिडिओ मी माझ्या एका आर्किटेक्ट मैत्रिणीलाही पाठवला होता. ती तशाच एका घराचा आराखडा करत होती, आणि वाचायच्या कोपऱ्याला दुसरी खिडकी द्यावी का हा तिचा प्रश्न होता. व्हिडिओ बघून तिचा फोन आला, "अगं, संध्याकाळी पण कोपऱ्यात मस्त उजेड आहे की. मग नको दुसरी खिडकी, भिंतीत कपाट बसवते."

मी 'हो' म्हणणार होते. मग सहज ईएक्सआर उघडून आकडे पाहिले. दुपारी एकला आणि साडेपाचला त्या खुर्चीवरच्या उजेडात ५ स्टॉपचा, म्हणजे ३२ पटींचा फरक होता. व्हिडिओत दोन्ही वेळा खुर्ची जवळपास सारखीच दिसत होती. दिवस हळूहळू मावळत होता, म्हणून गळक्या टाकीने मावळणंच पुसून टाकलं होतं. चित्र सुंदर होतं, लुकलुक नव्हती, आणि ते खोटं बोलत होतं.

तिला फोन करून सांगितलं. खिडकी राहिली, कपाट दुसऱ्या भिंतीवर गेलं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक व्हिडिओच्या खाली एक बारीक पट्टी असते. त्या क्षणी एक्सपोजर किती स्टॉप वरखाली केलंय, ते तिच्यावर दिसतं. अक्षांवर आकडे नसलेला आलेख आपण प्रबंधात चालवून घेत नाही. मग एक्सपोजर न सांगणारा व्हिडिओ का चालवून घ्यावा? निबंधांच्या परीक्षकांनी एवढी एक पट्टी मागितली, तरी या क्षेत्रातले निम्मे वाद आपोआप मिटतील असं मला वाटतं.

मॅडमना नवा व्हिडिओ दाखवला. ढग आला, खोली काळवंडली, ढग असेपर्यंत काळवंडलेलीच राहिली, मग उजळली. खालची पट्टी जागची हलली नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ मागे नेऊन पडद्यापाशी थांबवला. "हा पडदा जरा जास्तच फडफडतोय, नाही का?"

पुढचा लेख बहुधा पडद्यांवर असेल.